वेंगुर्ला इला काय गो?

बडोद्याला समुद्र नाही. विश्वामित्री आहे, सुरसागर आहे, पावसाळ्यात आजवा भरलं की सगळ्यांनी मिळून बघायला जायची जुनी हौस आहे. पण लाट म्हणून काही नाही. आमच्या घरात समुद्र होता तो फक्त नानांच्या बोलण्यात.

नाना म्हणजे माझे वडील. 1966 मध्ये, 22 वर्षांचे असताना, ते वेंगुर्ल्याहून आगबोटीनं मुंबईला आले आणि तिथून रात्रीची गाडी पकडून बडोद्याला. जवळ एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि आजीनं फडक्यात बांधून दिलेल्या भाकऱ्या. इथे नोकरी लागली, लग्न झालं, दांडिया बाजारात भाड्याची जागा झाली, पुढे स्वतःचं घर झालं. गुजराती ते अस्खलित बोलत. आमच्याशी पुस्तकी मराठी बोलत. पण झोपेत, तापात आणि बोटीची गोष्ट सांगताना त्यांच्या तोंडून फक्त मालवणी यायची.

गोष्ट नेहमी एकाच ठिकाणी सुरू व्हायची. वेंगुर्ल्याला बोट बंदराला लागत नसे, ती लांब खोल पाण्यात उभी राही. भोंगा झाला की धक्क्यावरची माणसं पडावात बसत. बायकामुलं, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, गाठोडी, सगळं त्या हलत्या पडावात. बोटीला टेकल्यावर लाट वर येईल तो क्षण साधून शिडीवर पाय टाकायचा. लाट खाली गेली की थांबायचं. "वर येवची लाट बघूची, खाली जातली ती बघूची नाय," हे नाना आम्हाला परीक्षेच्या दिवशीसुद्धा सांगत.

वर गेलं की पहिलं काम म्हणजे डेकवर चादर पसरून जागा धरणं. मग शेजारच्या चादरीवरच्या माणसाचं गाव विचारायचं. मालवण येईपर्यंत नातं निघायचं, विजयदुर्ग येईपर्यंत भाकरी वाटून खाऊन व्हायची आणि रत्नागिरीपर्यंत निम्म्या डेकला बोट लागलेली असायची. तुम्हा मुलांसाठी सांगते, 'बोट लागणं' म्हणजे बोट धक्क्याला लागणं नव्हे. पोटात ढवळून सगळं बाहेर येणं, त्याला आमच्याकडे बोट लागली म्हणतात.

मी स्वतः त्या बोटीतून एकदाच गेले, 1979 च्या मे महिन्यात. मी 6 वर्षांची होते. आठवतं ते एवढंच : भाऊच्या धक्क्यावरची ढकलाढकली, तापलेल्या लोखंडाचा नि तेलाचा वास, आणि आईला लागलेली बोट.

ही आगबोट म्हणजे कोकणाची खरी एस.टी. होती. डोंगर आणि खाड्या ओलांडून रस्ता यायच्या कितीतरी आधीपासून मुंबई आणि गोव्याच्या मधली बंदरं बोटींनी जोडलेली होती. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. गिरणीत कामाला जाणारा, बाळंतपणाला माहेरी येणारी, गणपतीचा मुहूर्त गाठणारा किंवा पावसाळ्यात बोटी बंद म्हणून न गाठू शकणारा, अशा सगळ्यांचं आयुष्य त्या वेळापत्रकावर चालायचं. इंग्रजांच्या कंपनीशी टक्कर द्यायला इथल्या लोकांनी वर्गणीचे शेअर घेऊन स्वतःची कंपनी काढली होती आणि लोक तिला प्रेमानं 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. समुद्रानं घावही दिला. 17 जुलै 1947 ला, आषाढी अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वाटेत बुडाली आणि 600 हून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्याला एक महिनाही उरला नव्हता. माझी आजी त्यानंतर दर वेळी बोटीत बसताना समुद्रात नारळ सोडायची, आणि बोलायची मात्र काही नाही.

पुढे 1973 मध्ये कोकणच्या प्रवासी बोटी ताब्यात घेण्यासाठी संसदेनं खास कायदा केला. 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' ही नावं आमच्या पिढीच्या कानात आहेत ती त्या काळातली. पण तोवर रस्ते झाले होते, एस.टी. गावाच्या वेशीपर्यंत जात होती, आणि एकेका बंदरातला थांबा गळत गेला. ऐंशीचं दशक संपता संपता बोटी बंदच झाल्या. नव्वदच्या दशकात मुंबई-गोवा अशी एक वेगवान कॅटामरान काही वर्षं धावली. तीही थांबली. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि बोटीची आठवण काढायचं कारणच उरलं नाही.

नाना तेवढे काढत राहिले.

नाव अंग्रिया

2018 च्या दिवाळीआधी बातमी आली की मुंबई-गोवा क्रूझ सुरू होतेय. 20 ऑक्टोबरला उद्घाटन झालं. बोटीचं नाव 'अंग्रिया'. कान्होजी आंग्र्यांचं आडनाव इंग्रजांच्या कागदपत्रांत 'अंग्रिया' असं झालं. विजयदुर्गाच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून 100 किलोमीटरच्या आसपास, पाण्याखाली प्रवाळांचं एक मोठं पठार आहे. नकाशावर त्याला 'अंग्रिया बँक' म्हणतात. त्यावरून बोटीचं नाव. आपल्याच आरमारप्रमुखाचं नाव परक्यांच्या तोंडून फिरून आपल्याकडे आलं, असा तो प्रवास.

नानांना मी पेपर वाचून दाखवला. ते म्हणाले, "खयच्या खयच्या बंदरात थांबतली?"

मी म्हटलं, "कुठेच नाही नाना. मुंबईहून दुपारी सुटते, सकाळी थेट गोवा."

"मगे ती बोट कसली?" म्हणाले, आणि विषय संपला.

त्या वेळी नानांचा विसर नुकताच सुरू झाला होता. आधी चष्मा, मग किल्ली, मग शेजाऱ्याचं नाव. वर्षभरात डॉक्टरांनी त्या विसराला नाव दिलं. नाना रोज संध्याकाळी दारात उभे राहू लागले. बाहेर पडू पाहायचे. कुठे निघालात विचारलं की म्हणायचे, "घराक." ज्या घराच्या दारात उभं राहून ते हे म्हणायचे, ते त्यांनी स्वतः बांधलं होतं.

माझी लेक तेव्हा कॉलेजात होती. तिनंच म्हटलं, "आई, आजोबांना त्या बोटीनं नेऊ या. अजून ओळखतात तोवर."

माझा दादा पुण्याला असतो. त्याला फोन केला. तो चिडलाच. "25 हजार रुपये घालणार, त्यांना दगदग होणार, आणि आठवड्यानं त्यांना हे आठवणारसुद्धा नाही. मग हे कुणासाठी? तुझ्यासाठी की त्यांच्यासाठी?"

प्रश्न चुकीचा नव्हता. मी फोन ठेवला आणि दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी लेकीनं तिकिटं काढून टाकली.

मारू

डिसेंबर 2019. मुंबईच्या गोदीतून दुपारी 4 च्या सुमाराला बोट सुटली. पांढरी, उंच, बहुमजली. आत उपाहारगृहं, बार, पोहण्याचा छोटा तलाव, खोल्यांचे वेगवेगळे दर्जे. साधारण साडेतीनशे प्रवाशांची सोय. कुणाचा वाढदिवस होता, कुणाची ऑफिसची सहल. वर गाणी लागली होती. नाना डेकवर आले, त्यांनी खाली वाकून लोखंड हातानं चाचपलं आणि पिशवीतून चादर काढून पसरायला लागले.

लोक बघायला लागले. मला क्षणभर संकोच वाटला. लेकीनं मात्र चादरीचं दुसरं टोक धरलं आणि आजोबांच्या शेजारी बसली. मग मीही बसले. बडोद्याहून आणलेल्या भाकऱ्या आणि चटणी काढली. शेजारून जाणारी एक मुलगी थबकली, म्हणाली, "ओह, पिकनिक!" नानांनी तिला तिचं गाव विचारलं आणि अर्धी भाकरी दिली. तिनं घेतली.

डावीकडे खांदेरीचं दीपगृह मागे पडलं. आता त्या बेटालाही कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे. उजवीकडे सूर्य बुडाला. नाना शांत होते. लेक मोबाइलवर काही शोधत होती, किनारा लांब जाऊन रेंज तुटायच्या आत.

"आई, ही बोट नवी नाहीये," ती म्हणाली. "जपानची आहे. हिचं आधीचं नाव ओगासावारा मारू."

पुढचा अर्धा तास ती वाचत होती आणि मी ऐकत होते. घरी आल्यावर आम्ही दोघींनी त्याबद्दल आणखी वाचून काढलं. ते तुम्हाला सांगायलाच हवं, कारण बोटीला गाव असतं हे मला तेव्हा कळलं.

टोकियोच्या दक्षिणेला सुमारे 1000 किलोमीटरवर प्रशांत महासागरात ओगासावारा नावाची बेटं आहेत. कारभारापुरती ती टोकियोतच मोडतात. वस्ती अडीच हजारांच्या आसपास. विमानतळ नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ही बेटं अमेरिकेच्या ताब्यात होती, 1968 मध्ये ती जपानला परत मिळाली. तेव्हापासून बेटांवर जायचा नेहमीचा मार्ग एकच, समुद्राचा. 2011 मध्ये युनेस्कोनं या बेटांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. तिथल्या झाडापाखरांचं वेगळेपण टिकलं त्याचं एक कारण तो दुरावाच आहे.

या बेटांची बोट म्हणजे ओगासावारा मारू. 'मारू' हा शब्द जपानी बोटींच्या नावामागे लागतो, आपल्याकडे माणसाच्या नावामागे 'राव' लागावा तसा. त्या नावाची पहिली बोट 1979 ची. आम्ही ज्या डेकवर भाकरी खात होतो ती दुसरी, 1997 मध्ये मित्सुबिशीच्या शिमोनोसेकी इथल्या गोदीत बांधलेली. लांबी 131 मीटर, आकारमान सुमारे 6700 ग्रॉस टनांचं, वेग साडेबावीस नॉट म्हणजे ताशी 40 किलोमीटरहून थोडा जास्त. टोकियोच्या ताकेशिबा धक्क्यावरून निघायची आणि साडेपंचवीस तासांनी चिचिजिमा बेटाच्या फुतामी बंदरात पोचायची. साधारण आठवड्याला एक खेप. बोट आली की बेटावर ताजी भाजी, टपाल आणि माणसं यायची. वादळ आलं की वेळापत्रक पुढे ढकललं जायचं, आणि दुकानांतली फळ्यांवरची जागा रिकामी व्हायची. बाळंतपणाची सोय बेटावर नाही, म्हणून दिवस भरत आले की बायका बोटीनं मुख्य भूमीवर जायच्या आणि बाळ घेऊन बोटीनंच परत यायच्या. स्वस्त तिकिटाच्या प्रवाशांना खोली नसायची. मोठ्या दालनात अंथरूण टाकून सगळ्यांनी ओळीनं झोपायचं.

"म्हणजे डेक," नाना मध्येच म्हणाले. ते ऐकत होते, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

मध्ये एकदा या बोटीला निवृत्त करायचं ठरलंच होतं. टोकियोहून 17 तासांच्या आसपास पोचेल अशी अतिवेगवान नवी बोट 2005 मध्ये बांधून तयारही झाली. पण तेलाचे भाव चढले. ती चालवणं परवडेना, म्हणून ती त्या मार्गावर एकही खेप न करता उभी राहिली. आणि ही जुनी बोट आणखी 11 वर्षं येत-जात राहिली. 2016 मध्ये तिसरी ओगासावारा मारू आली, तेव्हा हिची सुट्टी झाली.

बेटावरून बोट निघते तेव्हा तिथे एक रीत आहे. धक्क्यावर ढोल वाजतात. बेटावरच्या छोट्या होड्या बोटीच्या दोन्ही बाजूंनी बरोबर निघतात, बंदराच्या बाहेर पार खुल्या समुद्रापर्यंत. मग होड्यांतली तरुण मुलं एकेक करून पाण्यात उड्या मारतात आणि हात हलवत ओरडतात, "इत्तेराश्शाई!" म्हणजे, जाऊन या. निरोपाचा दुसरा जपानी शब्द असताना ते हा शब्द वापरतात. घरच्या माणसाला म्हणतात तो. आपण नाही का, दारातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो.

आणखी एक गोष्ट. त्याच बेटांच्या दक्षिणेला इवो जिमा आहे. 1944 मध्ये युद्धामुळे तिथल्या रहिवाशांना हलवण्यात आलं. युद्ध संपलं, बेट जपानला परत मिळालं, पण तिथे लष्करी तळ राहिला आणि त्या कुटुंबांना पुन्हा तिथे राहायला जाता आलं नाही. ओगासावारा मारू अधूनमधून त्या बेटापर्यंतही खास फेऱ्या करायची. बेटाला वळसा घालताना बोट सावकाश चालते, आणि डेकवर उभी असलेली माणसं पाण्यात फुलं सोडतात.

हे वाचताना लेकीचा आवाज थोडा हळू झाला. मी नानांकडे पाहिलं. ते चादरीवर आडवे झाले होते.

पहाट

रात्री आम्ही त्यांना खोलीत नेलं. 3 वाजता ते उठले, पुन्हा साडेचारला. साडेपाचला मी जागी झाले तेव्हा ते कपडे घालून, टोपी घालून, पिशवी मांडीवर घेऊन बिछान्याच्या कडेला बसले होते.

"वेंगुर्ला इला काय गो?"

मी म्हटलं, "नाना, बोट वेंगुर्ल्याला थांबत नाही."

"माका उतरूचा आसा. आवशी वाट बघता."

त्यांची आई जाऊन 34 वर्षं झाली होती. मी काय बोलणार? घरी असते तर समजूत घातली असती, चहा दिला असता, टीव्ही लावला असता. इथे चहूबाजूंना पाणी आणि अंधार. ते दार उघडून बाहेर निघाले. मी आणि लेक मागोमाग. डेकवर गार वारा होता. आदल्या रात्रीच्या पार्टीच्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. नाना डाव्या बाजूच्या कठड्याला गेले. शिडी कुठे आहे ते शोधू लागले. मी त्यांचा हात घट्ट धरला होता. खोटं का बोलू, त्या क्षणी मला दादाचं म्हणणं पटलं. काय गरज होती या माणसाला इथे आणायची? त्यांच्या गावाजवळून न्यायचं आणि उतरू द्यायचं नाही, ही कसली हौस?

तेवढ्यात बोटीवर काम करणारा एक मुलगा आला. विशी-बाविशीचा. आधी त्यानं मला विचारलं, काही मदत हवी का. नाना मालवणीत बोलताहेत हे ऐकल्यावर त्याचा चेहराच बदलला. तो मालवणचा निघाला. नानांच्या शेजारी कठड्याला टेकून तो म्हणाला, "आजोबानू, खय जातास?"

"वेंगुर्ल्याक."

"कोणाकडे?"

नानांनी वाडीचं नाव सांगितलं, घराचं नाव सांगितलं, देवळामागची वाट सांगितली. अडखळले नाहीत. बडोद्यात त्यांना आपल्या गल्लीचं नाव सांगता येत नव्हतं.

मुलानं लांब बोट दाखवलं. काळ्या पाण्यावर, खूप दूर, एक प्रकाश यायचा आणि जायचा. "ती बगा लाइट. वेंगुर्ल्याची. भायर खडकार आसा ना, ती."

वेंगुर्ल्याच्या समोर समुद्रात खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे, त्यावर दीपगृह आहे. लहानपणी नानांच्या घराच्या मागल्या टेकाडावरून ते दिसायचं. नानांनी टोपी काढली. कुणी काही बोललं नाही. प्रकाश यायचा, जायचा. मग ते त्या मुलाला म्हणाले, "पडाव खय हा?"

मुलगा थोडा थांबला. म्हणाला, "पाणी जोरात हा आज. पडाव येवचो नाय. गोव्यासून गाडीन जावा तुमी."

नानांनी मान हलवली. हे त्यांना पटलं. समुद्र खवळला की पडाव येत नसे आणि बोट पुढे निघून जात असे, हे त्यांनी लहानपणी पाहिलेलं होतं. मग उतारू पुढच्या बंदरात उतरून चालत मागे यायचे. मी इतका वेळ त्यांना आजचं खरं सांगत होते. त्या मुलानं त्यांना त्यांच्या काळातलं खरं सांगितलं, आणि ते पुरलं.

पूर्वेला उजाडेपर्यंत आम्ही चौघं तिथे उभे होतो. उजेड आल्यावर दीपगृहाचा प्रकाश दिसेनासा झाला आणि किनाऱ्याची निळी रेघ तेवढी राहिली. 9 च्या सुमाराला मुरगाव बंदर आलं.

धक्का

मुरगावहून गाडी करून आम्ही त्याच दिवशी वेंगुर्ल्याला गेलो. तेरेखोलच्या खाडीवरून, शिरोडा, आरवली करत. घर आता आमचं नाही. जे राहतात त्यांनी आत बोलावलं, पाणी दिलं, सोलकढी दिली. नानांनी घर ओळखलं नाही. विहीर ओळखली. काठावर हात ठेवून उभे राहिले.

मग बंदरावर गेलो. धक्का आहे, होड्या आहेत, मासळी आहे. आगबोटीची वाट बघणारं कुणी नाही. नाना टोकापर्यंत चालत गेले आणि समुद्राकडे बघून म्हणाले, "बोट गेली." तक्रार नव्हती. वेळापत्रक वाचावं तसं म्हणाले.

बडोद्याला परत आलो. दादा म्हणाला होता तसंच झालं. आठवडा जायच्या आत नाना सगळं विसरले. फोटो दाखवला तर "हे कोण?" म्हणाले.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली. अंग्रियाच्या फेऱ्या थांबल्या आणि पुढे पुन्हा सुरू झाल्या नाहीत. दीड वर्षाचीही सेवा भरली नाही. ज्या बोटीनं दुसऱ्या एका देशात 19 वर्षं भाजी, टपाल, बाळंतिणी आणि म्हातारी माणसं पोचवली, तिच्या वाट्याला आपल्याकडे एवढंच आलं. मी पुष्कळदा विचार करते की असं का झालं असावं. साथ तर होतीच. पण मला नानांचा पहिला प्रश्न आठवतो, खयच्या खयच्या बंदरात थांबतली? ओगासावाराला ती बोट नसती तर बेट अडकलं असतं. आपल्याकडे ती नसल्यानं कुणाचं काही अडलं नाही. सहलीला जाणारे दुसरीकडे सहलीला गेले. त्याच मार्च महिन्यात भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली आणि टाळेबंदीनंतर ती पुन्हा चालू लागली, कारण त्या वाटेनं रोज जाणारी माणसं आहेत.

नाना 2022 च्या पावसाळ्यात गेले. त्याआधीच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी ते अंगणात बसले होते. समोरच्या बेन आल्या होत्या. नाना त्यांना गुजरातीत, मध्येच मालवणीत, बोटीची गोष्ट सांगत होते. मी आत चहा करत होते. गोष्ट तीच, 1966 ची. ट्रंक, वळकटी, भाकऱ्या. पण या वेळी ते वेंगुर्ल्याहून निघत नव्हते, वेंगुर्ल्याला येत होते. पहाटेची वेळ होती. समोर लाइट दिसत होती. समुद्र शांत होता, पडाव आला होता, आणि शिडीवरून उतरताना लाट बघायला त्यांच्याबरोबर एक मुलगी होती.

"कौन?" बेननी विचारलं.

"नात माझी," नाना म्हणाले. "तिनाच चादर धरलेली."

मी चहा गाळायचा थांबवून दादाला फोन लावला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पुढे सांग. उतरले का ते?"

"उतरले," मी म्हटलं.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी असं कुणीतरी असेल जे कुठल्यातरी बोटीनं, गाडीनं, टांग्यानं या गावात आलं. त्यांना एवढंच विचारा, वाटेत कुठे कुठे थांबलात? सगळं आठवणार नाही. जे आठवेल ते चुकीचंही असेल. तरी विचारा, आणि जमलं तर एकदा त्या वाटेनं त्यांच्याबरोबर जाऊन या. जाताना दारातून 'येतो' म्हणायला विसरू नका.